दीड तासाची खोली

आमचा शिलाई कारखाना सुटायचा पाचला, आणि आमच्या घरी सगळ्यांना ठाऊक होतं की तो साडेसहाला सुटतो. ही थाप पहिल्यांदा कुणी मारली ते मला माहीत नाही. आमच्याआधी काम करणाऱ्या मुलींकडून ती आमच्याकडे आली, थोरलीचे कपडे धाकटीकडे यावेत तशी. मधला दीड तास आमचा होता.

तो आम्ही इस्त्रीवाल्या मावशींच्या माडीवर काढायचो. मावशी विधवा, एकट्या, तोंडाने फटकळ. खोलीच्या बदल्यात आम्ही त्यांच्या कपड्यांच्या घड्या घालून द्यायचो. आम्ही पाच जणी. एक फोनवर तिच्या माणसाशी कुजबुजायची. दोघी नुसत्या गप्पा छाटायच्या. मी झोपायचे. हसू नका. आमच्या घरी दोन खोल्यांत नऊ माणसं, त्यात वहिनीची जुळी. कुणी हाक न मारता झोपणं म्हणजे काय, ते मला त्या सतरंजीवर कळलं.

पाचवी काजू. काजांच्या मशीनवर बसायची म्हणून काजू. बारावीनंतर वडिलांनी तिचं शिक्षण बंद केलं होतं. ती नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास करायची. पुस्तकं मावशींच्या कपड्यांच्या गठ्ठ्यात दडवलेली असायची.

मग सिनेमावाल्या ताई आल्या. मुलींच्या स्वातंत्र्यावर सिनेमा काढायचाय म्हणाल्या. मालकाची परवानगी घेऊन महिनाभर आमच्यात बसल्या, दोरे कापू लागल्या, आमच्या डब्यातलं खाल्लं. बाई वाईट नव्हती. आमचं बोलणं आजवर कुणी इतकं मन लावून ऐकलं नव्हतं. काजू तर पार विरघळली. सुट्टीची थाप, माडी, गठ्ठा, सगळं सांगून मोकळी झाली.

"अगं, किती सांगशील?" मी तिला बाजूला घेऊन म्हटलं.

"नाव घेणार नाहीत म्हणाल्यात. आणि कळू दे ना कुणाला तरी, आपण कशा जगतो ते."

एकदा ती त्यांना माडीवरही घेऊन आली. मला जाग आली तेव्हा ताई उंबऱ्यात उभ्या होत्या. काजू पुस्तकात, मी लोळलेली, दोघी एकमेकींच्या उवा काढतायत.

"तुम्ही इथे एवढंच करता?" त्यांनी विचारलं. जरा हिरमुसल्यासारख्या वाटल्या.

वर्षभराने सिनेमा आला. आधी परदेशात वाखाणला गेला, मग सगळ्यांच्या फोनवर. मी तो नळ सोडून न्हाणीघरात पाहिला. ताईंनी शब्द पाळला होता. नाव आमचं नव्हतं, गाव आमचं नव्हतं. पण पाच आणि साडेसहा होते. इस्त्रीवालीची माडी होती. गठ्ठ्यातली पुस्तकं होती. फक्त माडीवर कुणी झोपत नव्हतं. तिथे मुली केस सोडून नाचत होत्या, आणि एक मुलगा जिना चढून यायचा. शेवटी नायिका बसमध्ये बसून निघून जाते, खिडकीबाहेर डोकं काढून खदखदा हसते. खोटं कशाला बोलू, मी रडले. इतकं छान वाटलं.

तिसऱ्या दिवशी पाच वाजता काजूचा दादा कारखान्याच्या फाटकाशी उभा होता. आरडाओरडा नाही, काही नाही. "चल, माडी दाखव," एवढंच म्हणाला. आम्ही मागोमाग गेलो. वर जाऊन त्याने एकेक गठ्ठा सोडला. तिसऱ्यातून पुस्तकं पडली.

"नाचता कुठे?" त्याने विचारलं.

"दादा, आम्ही नाचत नाही."

"सिनेमात दाखवलंय."

"ते त्यांनी मनाचं घातलंय. आईशप्पथ."

"पाचला सुटता ते खरं निघालं. माडी खरी निघाली. पुस्तकं खरी निघाली. आणि नाच तेवढा खोटा? तो मुलगा तेवढा खोटा?"



आठवड्याभरात बातमी पाचही घरांत पोचली. मालकाने हात झटकले आणि सुट्टी झाली की प्रत्येकीच्या घरी मेसेज पाठवायला सुरुवात केली. फोनवर कुजबुजणारीचा फोन गेला, दोन महिन्यांत तिचं लग्न लावून दिलं, अर्थात दुसऱ्याच कुणाशी. मावशींकडे अर्ध्या वस्तीने कपडे टाकणं बंद केलं. मला न्यायला वडील येऊ लागले. सगळी वाट ते पुढे आणि मी मागे. काजूला घरी बसवलं. परीक्षेला एकोणीस दिवस उरले होते.

आणि आम्ही चौघींनी तिच्याशी बोलणं टाकलं. मीसुद्धा. तिने फोन केला की मी कापायचे. दादाचं मला काही वाटत नाही, तो तसाच होता. माझं मला वाटतं.

पाच महिन्यांनी मला राहवलं नाही, सुट्टीच्या दिवशी आईला घेऊन तिच्या घरी गेले. नेमक्या त्याच दिवशी सिनेमावाल्या ताई आल्या. आम्हा दोघींच्या आया स्वयंपाकघरात, आम्ही तिघी बाहेरच्या खोलीत.

"लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते गं," ताई काजूचा हात धरून म्हणाल्या. "तुझ्यासाठी. परीक्षेचं काय झालं तुझ्या?"

माझाच तोल गेला. मी भडाभडा सगळं ओकले. ताईंचे डोळे भरून आले, अगदी खरे. मग त्यांनी पिशवीतून वही काढली.

"हे लोकांसमोर यायला हवं," त्या म्हणाल्या. "यावरच पुढचा सिनेमा करू. आता भेटता कशा तुम्ही एकमेकींना? घरी काय सांगता?"

काजूने माझ्या मांडीला चिमटा काढला.

"ही काहीही बोलते, ताई," ती म्हणाली. "नोकरी मीच सोडली. अभ्यास झेपत नव्हता. चहा घेणार?"

त्या गेल्यावर मी म्हटलं, "चांगलं खडसवायचं होतंस."

"कशाला? बाई मनाने चांगली आहे," काजू कप उचलत म्हणाली. "मला तिची भीती वाटते."

तिचं लग्न पुढच्या वर्षी झालं. परवा माहेरी आली होती, तेव्हा भेटलो. नवऱ्याने एका रविवारी हाच सिनेमा लावला होता म्हणे. त्याला यातलं काही ठाऊक नाही. शेजारी बसून तिने पूर्ण पाहिला. बसचा प्रसंग आला तसा तो सरसावून बसला.

"काय धाडस आहे पोरीत!" म्हणाला.

सिनेमा संपल्यावर त्याने तिला विचारलं, दुपारी दुकानातून यायला वीस मिनिटं जास्त कशी लागली.