पितळेचं वाण

कृतिकाच्या घरात नवी वस्तू शोधावी लागते. फ्रिज आहे, पण तोसुद्धा तिने जुन्या लाकडी जाळीच्या आड दडवलाय. डोंबिवलीच्या आमच्या मानपाड्याच्या बिल्डिंगमध्ये बाकी सगळे फॉल्स सीलिंगच्या मागे लागले होते, तेव्हा ही बाई कल्याणच्या बाजारात मोडीचे ढीग उपसत होती. मोड म्हणजे लोकांनी वजनावर विकलेली जुनी तांब्यापितळेची भांडी. ती पुढे भट्टीत जातात. तिथून तिने घंगाळ आणलं आणि त्यात मनीप्लांट लावला. पानाचा डबा आणला, त्यात टीव्हीचे रिमोट ठेवले. मी समोरच्या दारात राहते. माझ्या आईने जी भांडी मोडीत घालून हौसेने स्टील घेतलं, तीच मी आता समोर जाऊन बघते. कृतिका म्हणते, "मावशी, किती युनिक ना?" मी हो म्हणते. हौसेला मोल नसतं, आणि चहा ती उत्तम करते.

सणाचं सगळं हाताने. पाडव्याला कापडी पानांचं तोरण, गणपतीला कागदी कमळं, दिवाळीला बांबूच्या काड्यांचा आकाशकंदील. विकतचं काही आणलं तर हिला ताप येतो. तिचा नवरा धनेश स्वभावाने गरीब. "मावशी, सण जवळ आला की मी उभ्याने जेवतो," तो मला लिफ्टमध्ये सांगतो. "टेबलावर गोंद असतो ना."

यंदा संक्रांतीला तिने भिंतीवर काळं कापड लावून त्यावर कागदी पतंग चिकटवले. त्याच्यापुढे मांडायला घरातल्या छोट्या पितळी वस्तू काढल्या. अत्तरदाण्या, निरांजनं, वाट्या, कुंकवाचे करंडे. सगळ्या चिंचेने घासून लख्ख केल्या आणि एका परडीत भरून टीपॉयवर ठेवल्या.

त्या परडीत एक वस्तू मोडीतली नव्हती. लिंबाएवढा करंडा, फिरकीच्या झाकणाचा. तो तिच्या आईचा. कृतिका चौथीत असताना तिचे वडील गेले. कल्याणच्या त्यांच्या खोलीत आईने त्या दिवशी करंड्याचं झाकण लावलं, ते पुन्हा उघडलं नाही. टाकलाही नाही, कपाटात साड्यांखाली राहिला. पुढे शेजारच्या हळदीकुंकवाला लेकीला पाठवायची आणि स्वतः दाराआड बसायची. दोन वर्षांपूर्वी तीही गेली. भावाने खोली रिकामी केली, सामान इकडेतिकडे झालं, कृतिकाने एवढंच उचललं. हे तिने मला एकदा चहा गाळता गाळता सांगितलं होतं. घरात कुणाला बोलली नव्हती. मला त्या दाराआड बसलेल्या बाईचा विचार आला की अजून राग येतो, आणि तो कुणावर काढायचा ते कळत नाही.

रविवारी हळदीकुंकू होतं. कृतिकाच्या सासूबाई, जयाताई, सकाळीच ठाण्याहून आल्या. टेंभी नाक्याला राहतात, तिथल्या देवीच्या नवरात्रातली गर्दी वर्षानुवर्षं हाताळून त्यांना सगळीकडे हुकूम सोडायची सवय लागली आहे. पण मनाच्या मोकळ्या. दुपारी कृतिका हलव्याच्या माळा आणायला स्टेशनकडे गेली आणि येताना रिक्षात अडकली. आपल्याकडे बायका हळदीकुंकवाला मात्र वेळेआधी पोचतात. एरवी कशालाच नाही.

कृतिकाने वाण म्हणून स्वतः शिवलेले बटवे केले होते, ते आत कपाटात. जयाताईंना ते ठाऊक नव्हतं. त्यांना समोर टीपॉयवर तिळगुळाच्या ताटाशेजारी चकचकीत पितळी वस्तूंची परडी दिसली. वाण याहून वेगळं काय असतं? मी पोचले तेव्हा परडीच्या तळाशी दोनच वस्तू उरल्या होत्या.

"घ्या, घ्या," माझ्या हातात अत्तरदाणी ठेवत जयाताई म्हणाल्या. "लोक प्लॅस्टिकचे डबे लुटतात. आमच्या सुनेने पितळ लुटायला काढलंय. याला म्हणतात हौस!"

मी तिळगूळ तोंडात टाकला आणि दारात कृतिका आली. हातात हलव्याच्या माळा. तिने परडीकडे पाहिलं.

"आई, यातल्या वस्तू?"

"लुटल्या ग सगळ्या! काय शोभा आली सांगू."

कृतिका चपला न काढताच खुर्चीत बसली. उरलेल्या बायका गेल्यावर तिने सासूबाईंना सगळं सांगितलं. जयाताईंचा चेहरा खर्रकन उतरला.

"अगं, मग मला आधी बोलली का नाहीस?"

"कशाला बोलायचं? माझी होती ती वस्तू."

मी अत्तरदाणी पुढे केली. "ठेवा मावशी, ती मोडीतली आहे," ती म्हणाली. "सगळं गेलं तरी चालेल. मला फक्त आईचा करंडा हवाय. मी दारोदार जाऊन मागून आणते."

"वेडी आहेस का?" जयाताईंचा आवाज चढला. "लुटलेलं वाण परत मागतात? आणि तेही कुंकवाचा करंडा! सवाष्णीच्या दारात उभी राहून 'तुझं कुंकू परत दे' म्हणणार आहेस?"

यावर कृतिकाने पायातल्या चपला काढल्या. मी असल्या गोष्टी मानत नाही, पण मानणाऱ्या बाईच्या दारात जाऊन तो प्रयोग करायची माझी छाती नाही. शिवाय करंडा कुणाला दिला हे जयाताईंना आठवेना. "मी खाली मान घालून वाटत होते ग," त्या म्हणाल्या आणि रडकुंडीला आल्या.

मग एक गंमत सुरू झाली. रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू चालतं. एरवी अशी बोलावणी टाळणारी कृतिका आता प्रत्येक घरी हजर. कुठे देव्हाऱ्यात, कुठे शोकेसमध्ये, कुठे ताटात तो करंडा दिसतो का ते बघायचं. मी सोबतीला. बायकांना वाटलं, ही आता माणसांत आली. दर घरातून ती वाण घेऊन परतायची. चाळणी, साबणाची डबी, भाजीची जाळीची पिशवी, मोबाइल ठेवायचा स्टँड. तिच्या जुन्या लाकडी फडताळात नव्या प्लॅस्टिकची रांग लागली. धनेश म्हणाला, "आता घर कसं घरासारखं वाटतंय." त्या रात्रीही तो उभ्यानेच जेवला.

करंड्याचा पत्ता वैशालीकडून लागला. वैशाली ही मालनकाकूंची सून. आमची बिल्डिंग जिथे उभी आहे तिथे पूर्वी मालनकाकूंच्या सासऱ्यांची भातशेती होती. आता मागच्या बाजूला त्यांचा तीन मजली बंगला आहे, आणि आमच्या प्रत्येक कार्याला त्यांना पहिलं बोलावणं असतं. वैशाली भाजीवाल्यापाशी भेटली.

"कृतिका, तुझं वाण एकदम लकी निघालं," ती म्हणाली. "पपांना ॲटॅक आलेला ना, त्याच आठवड्यात. बायपास झाली. मम्मी सगळे दिवस हॉस्पिटलात तो करंडा मुठीत धरून बसलेल्या. डॉक्टर बोलले जरा आराम करा, तर ऐकतच नव्हत्या. आता पपा घरी आलेत. रथसप्तमीला हळदीकुंकू आहे, नक्की या दोघी."

म्हणजे फी डॉक्टरने घेतली आणि श्रेय करंड्याला गेलं. मी हे बोलून दाखवणार होते, पण कृतिकाकडे बघून मी भाजीवाल्याला भाव विचारला.

तोडगा जयाताईंनीच काढला. मुलाच्या घरातला हा सल त्यांनाही झोपू देत नव्हता. त्या टेंभी नाक्याच्या ओळखीच्या सोनाराकडून चांदीचा करंडा घेऊन आल्या. "परत मागणं वेगळं आणि बदलून देणं वेगळं," त्यांनी निवाडा दिला. "सांगायचं, ही आईची आठवण आहे, त्याऐवजी हा चांदीचा घ्या. मालनताई मोठ्या मनाच्या आहेत, नाही म्हणायच्या नाहीत." शास्त्रात पळवाट शोधावी तर ती सासूनेच. कृतिकाने चांदीचा करंडा पर्समध्ये ठेवला आणि बऱ्याच दिवसांनी हसली.

रथसप्तमीला आम्ही तिघी मालनकाकूंकडे गेलो. ओट्यावर त्यांचे यजमान महिपतकाका शाल पांघरून बसले होते. वाळले होते, पण आवाज शाबूत. "चहात साखर नाय, भाजीत मीठ नाय," ते आम्हाला म्हणाले. "वाचलो कनाला तेच कलत नाय."

आत मालनकाकू हिरव्या साडीत, गळ्यात सोन्याचं ओझं, आणि त्या सगळ्याच्या मधे हातात तो लिंबाएवढा पितळी करंडा. कृतिकाला बघून त्या उठल्याच.

"ये गो पोरी, ये. तुझीच वाट बगत व्हती." त्यांनी तिला जवळ बसवलं. "तुझ्या घरना ह्यो आला, आनि माजा कुकू वाचला. मी त सगल्यांना सांगतंय."

आता बोलायची वेळ होती. कृतिकाचा हात पर्सवर गेला. जयाताईंनी मागून तिला हळूच कोपर लावलं.

"काकू, या करंड्याचं मला तुम्हाला..."

"थांब, आदी मना सांग," मालनकाकू म्हणाल्या. त्यांनी फिरकीचं झाकण काढलं. आत लालभडक नवं कुंकू काठोकाठ. "ह्याच्या तलाला जुना कुकू व्हता. दगडावानी बसलेला. वैशाली बोलली, घासून काढते. मी बोलली, हात लावू नको. कुना सवाशिनीचा हाय तो, तिचा पुन्य हाय त्यात. त्यावरच नवा भरला." त्यांनी कृतिकाच्या तोंडाकडे पाहिलं. "कुनाचा गो ह्यो? तुझ्या आयसचा काय?"

मला वाटतं, त्या क्षणापर्यंत आम्हा तिघींपैकी कुणीच पुढचा विचार केला नव्हता. आईचा आहे म्हटलं की मालनकाकूंचा पुढचा प्रश्न ठरलेला. आई सवाष्ण गेली ना गो? आणि या गल्लीत कुणाला काही लपवता येत नाही. कृतिकाची आई ऐन तारुण्यात कपाळ पुसून बसली होती, तो करंडा तिने त्याच दिवशी बंद केला होता. बाहेर महिपतकाका बिनसाखरेच्या चहाला शिव्या देत होते. जयाताईंनाही ते कळलं असावं, कारण त्यांचं कोपर खाली आलं.

कृतिकाने पर्सवरचा हात काढला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला इतकं वाईट वाटलं की उठून तिला घरी न्यावं असं वाटलं.

"नाही काकू," ती म्हणाली. "आईचा नाही. कल्याणला मोडीत मिळाला."

"मोडीत?" मालनकाकूंनी कपाळाला हात लावला. "असली वस्तू मोडीत घालनारी मानसं तरी कशी असतील गो?"

"असतील कुणीतरी," कृतिका म्हणाली आणि कुंकवासाठी तिने कपाळ पुढे केलं.