राजा विरुद्ध लॉर्न

लॉर्नने कढई उचलून नेली तशी म्युरिएलचा पारा चढला आणि तिने सरळ पोलिसांना फोन लावला. इथेच चुकलं. लॅनर्क भागात कढई म्हणजे काही साधं भांडं नव्हे. मेपलचा रस आटवायची, चांगली सहा फूट लांब. म्युरिएलच्या नवऱ्याने मरताना ती आपल्याला दिली, असं शेजारचा लॉर्न सहा वर्षं सांगत होता आणि म्युरिएल सहा वर्षं त्याला खोटारडा म्हणत होती. तेही रोज, लॉर्न तिच्याच स्वयंपाकघरात तिचीच कॉफी पीत असताना.

तिला वाटलं, पोलीस चार शब्द सुनावतील आणि कढई परत आणतील. कसलं काय! त्यांनी चोरीचा गुन्हा नोंदवला. कढई पुरावा म्हणून ठाण्यात गेली. लॉर्नला जामीन मिळाला, पण अट अशी की म्युरिएलशी बोलायचं नाही आणि तिच्या घरापासून शंभर मीटर लांब राहायचं. दोघांच्या घरांत अंतर चाळीस मीटर. चौऱ्याहत्तराव्या वर्षी म्हातारा बॅग भरून बहिणीकडे राहायला गेला.

आठ दिवसांत म्युरिएलला घर खायला उठलं. ती तडक सरकारी वकील मिस पेल्कीकडे गेली.

"तक्रार मागे घ्यायचीय."

"म्युरिएलबाई, खटला तुमचा नाहीच," मिस पेल्की म्हणाली. "तुम्ही फक्त साक्षीदार."

"मग कोणाचा?"

पेल्कीने कागद पुढे सरकवला. वर लिहिलं होतं, राजा विरुद्ध लॉर्न टेनंट.

"राजाचा काय संबंध? त्याची कढई गेली का?"

"फौजदारीत असंच असतं, खटला सरकार राजाच्या नावाने चालवतं. कढई कोणाची, एवढंच भांडण होतं तर दिवाणी दावा लावायचा. तो तुमचा. हवा तेव्हा मागे घ्या."

"हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"आधी तुम्ही मला कुठे फोन केलात?" पेल्कीने पेन उचललं. "एक सांगा. कढई आपलीच आहे असं त्याला खरोखर वाटत होतं का? मनापासून वाटत असेल, तर ती चोरी ठरत नाही."

म्युरिएलने त्या पेनाकडे पाहिलं. हो म्हणायचं म्हणजे सहा वर्षांचं भांडण पाण्यात, आणि वर तशा जबाबावर सही करायची.

"अगदी मनापासून," ती शेवटी म्हणाली. "मठ्ठ आहे तो, पण खोटं नाही बोलत." आणि तिला रडू फुटलं.

पुढच्याच आठवड्यात राजाने माघार घेतली. लॉर्न घरी न जाता आधी तिच्याच दारात उभा राहिला.

"म्हणजे कढई माझी?"

"मुळीच नाही. कालच दिवाणी दावा लावलाय तुझ्यावर."

"अगं, आत्ता कुठे सुटलोय मी. किती दिवस चालेल हा?"

"दोन वर्षं तरी."

लॉर्नचा चेहरा पडला. "दोन वर्षं बहिणीकडे?"

"आत ये," म्युरिएल म्हणाली. "मी नीट विचारून आलेय. दिवाणीत भेटायला बंदी नाही."