जिन्याच्या पाळीची पाटी

मी एक जुनी लाकडी पाटी आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगते, एका जागी टिकणं मला जमत नाही. चार दारांचं आमचं घर, दर दारामागे एक बिऱ्हाड. ज्याच्या दाराच्या मुठीला मी अडकले, त्याने त्या आठवड्यात जिना झाडायचा, शनिवारी ओल्या फडक्याने पुसायचा, फाटकापुढचा रस्ता झाडायचा. काम झालं की मला पुढच्या दाराला अडकवायचं. बेल वाजवायची नाही, निरोप द्यायचा नाही. आम्हा श्वाबेनच्या, म्हणजे दक्षिण जर्मनीतल्या टापटिपीच्या लोकांत एवढं पुरतं.

मला घडवलं याच घरातल्या गोटहिल्फ शॉयफले यांनी. लेकीसाठी पाळणा केला, त्यातली बीच झाडाच्या लाकडाची एक फळी उरली. उरलेली फळी फेकायची? छे! त्यांनी ती तासली, भोक पाडून सुतळी ओवली, पुढे झाडू आणि बादली रंगवली. मागे पेन्सिलीने केलेली पाळण्याची मापं मात्र तशीच राहिली. 'काय सुबक पाटी!' असं तेव्हा सगळे म्हणाले. मग सवय झाली आणि माझ्याकडे कुणी बघेनासं झालं. माझा झाडू पुसट झाला, बादलीचं तर नुसतं बूड उरलंय.

गोटहिल्फ गेले. त्यांची बायको रोझीनेबाई मात्र दर चौथ्या आठवड्याला माझी वाट बघायच्या. वय एक्क्याऐंशी. जिना असा पुसायच्या की खालच्या मजल्यावरचे ब्युर्कलेसुद्धा गप्प बसायचे. आणि ब्युर्कले म्हणजे कोण! तीस वर्षं ट्राम चालवलेला माणूस. कुणाचीही पाळी असो, कठड्यावरून बोट फिरवून बघणार म्हणजे बघणारच.

ऑक्टोबरात रोझीनेबाई ओल्या पायरीवरून घसरल्या. उजवं मनगट मोडलं. लेक इर्मट्राउट उल्महून धावत आली आणि स्पष्टच बोलली, "आई, ज्या दिवशी तुला जिना झेपणार नाही, त्या दिवशी तू वृद्धाश्रमात. मला तिकडे झोप लागत नाही गं."

प्लास्टर होतं तोवर बाईंची पाळी ब्युर्कल्यांनी केली. ते ठीकच होतं. पण प्लास्टर निघालं तरी तेच! वरच्या जोडप्याने मला बाईंच्या दाराला अडकवलं, की ब्युर्कले नुसत्या पायमोज्यांवर जिना चढायचे आणि मला गुपचूप खाली न्यायचे. थोड्या वेळाने, मी आले का ते बघायला, बाईंचं दार उघडल्याचा आवाज यायचा. मग बराच वेळ काहीच नाही. मग दार लागायचं. तो आवाज ऐकून माझा जीव नुसता तळमळायचा. चुकीच्या दारावर लटकते आहे मी, अरे कुणीतरी न्या रे मला वर!

फेब्रुवारीत इर्मट्राउटचा फोन आला. "आई, शनिवारी कॉफीला येते. जिना तूच पुसतेस ना अजून?" बाई "हो" म्हणाल्या. इतक्या वर्षांत लेकीशी त्या पहिल्यांदाच खोटं बोलल्या होत्या.

शनिवारी सकाळी जिन्यावर सपाता वाजल्या. रोझीनेबाई एकेक पायरी उतरून खाली आल्या आणि त्यांनी मला ब्युर्कल्यांच्या दारावरून काढलं. तेवढ्यात दार उघडलं.

"शॉयफलेबाई! या वयात चोरी?"

"चोरी तुम्ही केलीत. दोन-दोनदा!"

"अहो, मी तर मदत... तुमचा हात..."

"हात माझा आहे आणि जिनाही माझ्या वाट्याचा आहे. आज लेक आली आणि दारावर पाटी दिसली नाही, तर सामान बांधून नेईल ती मला. कळतंय का? म्हणे मदत!"

ब्युर्कल्यांनी बाईंच्या मनगटाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "पण बाई, बादली कशी उचलाल?"

मला बाईंनी छातीशी घट्ट धरलं होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ती तेवढी... तुम्ही उचला," त्या म्हणाल्या. एवढं बोलायला त्यांना जिन्याच्या बावीस पायऱ्या पुसण्यापेक्षा जास्त कष्ट पडले असतील.

मग काय विचारता! बाईंनी वर जाऊन मला आपल्या दाराला अडकवलं आणि त्या उशी घेऊन वरच्या पायरीवर बसल्या. डाव्या हाताने एकेक पायरी पुसत, बसल्या-बसल्या खाली सरकू लागल्या. ब्युर्कले बादली घेऊन बरोबर. एकदा त्यांनी फडक्याला हात लावला.

"ठेवा ते!"

"कोपरा राहिलाय."

"दिसतोय मला. आंधळी नाही झाले अजून."

काम संपायला दुपार झाली. ब्युर्कल्यांची चुलीवरची मसुराची उसळ करपली आणि सगळ्या घरात तो वास भरला.

इर्मट्राउट आली. आधी तिने कठड्यावरून बोट फिरवलं, श्वाबेनचीच ती. मग मला बाईंच्या दारावर पाहिलं.

"एकटीने केलंस?"

माझी सुतळी ताणली गेली, मित्रांनो. आता बाई काय सांगतात?

"नाही. बादली ब्युर्कल्यांनी उचलली. पुसलं मी. आणि फोनवर मी तुला खोटं सांगितलं होतं."

इर्मट्राउटने मला दारावरून काढलं. तिने मला उलटं केलं. मागची मापं वाचली, त्यांवरून अंगठा फिरवला. तिच्या पाळण्याची होती ती, तिच्या वडिलांच्या हातची. कॉफी निवेपर्यंत ती मला मांडीवर घेऊन बसली.

उठताना बाईच म्हणाल्या, "जाता-जाता पाटी ब्युर्कल्यांच्या दाराला लाव. बेल वाजवू नकोस."

"माहीत आहे गं," इर्मट्राउट म्हणाली. "आणि पुढच्या पाळीला येते मी बघायला. कोपरा राहिला, तर बोलणार."

बाई हसल्या. वृद्धाश्रमाचं नाव त्या दिवशी कुणी काढलं नाही.

मित्रांनो, घरातल्या म्हाताऱ्या माणसाची बादली जरूर उचला. मात्र त्याच्या दारावरची पाटी न विचारता काढू नका. कुणीतरी आपली वाट बघतंय, एवढ्यावर मी जगते, आणि रोझीनेबाईंचंही तसंच आहे.

आत्ता मी ब्युर्कल्यांच्या दारावर आहे. वर जायला अजून तीन आठवडे आहेत आणि माझी चुळबूळ आत्तापासूनच सुरू झाली आहे.