एक जानेवारीचा भोपळा

माझ्या घरात कोणी राहायचं ते मी ठरवते. हे वाक्य मी अप्पासाहेबांना दोन वर्षांत वीस वेळा तरी ऐकवलं असेल. अप्पासाहेब म्हणजे माझे धाकटे दीर, मल्लेश्वरमातल्या आमच्या मराठी मंडळाचे अकरा वर्षांचे अध्यक्ष. आणि मागच्या खोलीत राहायचा आन्सेल्म. हैती देशाचा, सहा फूट उंच, काळाकभिन्न, हेब्बाळला शेतकी शिकायला आलेला. पहिल्या महिन्यात मी भात वाढताना तो कन्नडमध्ये ‘स्वल्प’, म्हणजे थोडाच, म्हणायला शिकला, दुसऱ्या महिन्यात मला अक्का. आमचे यजमान इंग्रजांच्या छावणीत नोकरीला होते, म्हणून मला इंग्रजी कळतं, बोलायची मात्र पंचाईत. त्याचं मोडकं मराठी, माझं मोडकं इंग्रजी, मध्ये कन्नड. भागत होतं.

पासष्ट सालची एक जानेवारी. हा त्यांचा स्वातंत्र्यदिन. गुलाम होते तेव्हा त्यांच्या बायका गोऱ्या मालकासाठी भोपळ्याचं सूप रांधायच्या, पण चाखायची बंदी. दीडशे वर्षांपूर्वी गोऱ्यांना पिटाळलं आणि त्याच दिवसापासून घरोघर तेच सूप प्यायला लागले. ऐकून मी म्हटलं, वा रे पठ्ठे! यंदा माझ्या चुलीवर कर. तर हा सायकलच्या कॅरियरला भलामोठा लाल भोपळा बांधून आला. बरोबर त्याच्या वर्गातला म्वांगी. त्याचा केनिया वर्षापूर्वी स्वतंत्र झालेला, पोराच्या अंगात अजून बँड वाजत होता.

आमच्यात आख्ख्या भोपळ्यावर बाईनं पहिला घाव घालायचा नाही. घरच्या पुरुषानं घालायचा, मग बाईनं चिरायचा. यजमान गेल्यापासून ते काम अप्पासाहेबांचं. त्यांना निरोप धाडला.

पण आन्सेल्मचं लक्ष भोपळ्यात नव्हतं. खिशात थोरल्या भावाचं पत्र होतं. हैतीच्या अध्यक्षानं सहा महिन्यांपूर्वी स्वतःला तहहयात अध्यक्ष करून घेतलं होतं. भाऊ तिकडे सरकारी कचेरीत नोकरीला. त्यानं एक कागद टाइप करून पाठवला होता, ‘परदेशातले आम्ही सारे काळे लेक नेत्याच्या पाठीशी एक आहोत.’ खाली सही कर, नाहीतर घरी परत यायचं नाव काढू नकोस. आणि घरी आई होती, सत्तरीची, भावाकडेच राहणारी.

“करून टाक की सही,” म्वांगी म्हणाला. “गोरे तुमच्या अध्यक्षावर तुटून पडलेत, कारण तो काळा आहे. आपणच पाठीत सुरी खुपसली तर कसली आपली एकी?”

“त्याच्याच माणसांनी माझ्या मास्तरांना शाळेतून उचलून नेलं. चार वर्षं पत्ता नाही,” आन्सेल्म म्हणाला. “नेणारे काळे, मास्तरही काळे. मी कोणाशी एकी करू?”

“इथे बसून बोलणं सोपं आहे. बाजारात बायका तुला दाखवून पोरांना भीती घालतात, तेव्हा तू कोणाचा असतोस?”

“तुमचाच. म्हणून तर तुझ्यासमोर खोटं बोलत नाही.”

तेवढ्यात अप्पासाहेब आले. सगळं ऐकून घेतलं, कोयता हातात घेतला आणि भोपळ्यापुढे बसून भाषणच सुरू केलं. “वहिनी, या पोराला सांगा. आपलेच दात, आपलेच ओठ. घरातलं चव्हाट्यावर नेऊ नये. आणि हे सरकारविरुद्धचं प्रकरण, उद्या पोलीस चौकशीला आले तर मंडळाचं नाव जाईल. त्यानं सही करावी, मी भोपळा कापतो. नसेल करायची तर खोली रिकामी करून घ्या.”

माझं डोकंच फिरलं. “दातच ओठ चावायला लागले तर काय करायचं हो, भावजी? हसत बसायचं? अकरा वर्षं मंडळात तुमच्यापुढे कोणी उभं राहत नाही, ती काय एकी आहे? तुमच्या तोंडी कोण लागणार, म्हणून गप्प बसतात सगळे. मीसुद्धा!”

मी आन्सेल्मला विचारलं, “तुमच्याकडे भोपळा कोण कापतं रे?”

“आई.”

“सरी, ठीक आहे,” म्हटलं आणि अप्पासाहेबांच्या हातातून कोयता काढून घेतला. पहिला घाव अर्धाच बसला. दुसऱ्याला भोपळा उघडला. भ्याले होते मी, खोटं कशाला सांगू? लहानपणापासून मनात बसलेली भीती ती. अप्पासाहेब ‘घराचं वाटोळं होणार’ म्हणत चपला घालून निघून गेले.

आन्सेल्मनं तो कागद उलटा केला. मागे लिहिलं, ‘मी सही करणार नाही.’ खाली पूर्ण नाव आणि माझ्या घराचा पत्ता. म्वांगी तोंड फुगवून बसला होता. दोन वाट्या सूप प्याला, म्हणाला, “मला पटलेलं नाही.” तिसरी मागितली. जाताना तो कागद घातलेलं पाकीट मात्र त्यानंच टपालपेटीत टाकायला नेलं.

मार्चमध्ये पत्र आलं. आईला लिहिता येत नसे, ओळखीच्या एका ख्रिस्ती जोगिणीकडून तिनं ते लिहून घेतलं होतं. आन्सेल्म एकेक ओळ वाचून मला सांगत होता. ‘आन्सेल्म माझा मुलगा नाही’ असं म्हणायला भावानं तिला सांगितलं होतं. ती म्हणाली नाही. गाठोडं उचललं आणि बहिणीकडे राहायला गेली. पुढे लिहिलं होतं, ‘तू येऊ नकोस. आलास तर मारतील. मी जगेन तोवर तू जिवंत आहेस एवढं मला पुरे. तिथे तुला जेवायला कोण वाढतं?’

तो पोरासारखा रडला. आई आता पुन्हा भेटायची नाही, हे त्याला त्या दिवशी कळलं. मलाही आवरेना. मग पदरानं तोंड पुसलं आणि म्हटलं, “घे कागद. लिही तिला.”

तो लिहायला बसला. मी सांगितलं, “मी कस्तुराबाई. मी वाढते. तुमचा लेक पोटभर जेवतो. त्यानं मान झुकवली नाही आणि मी त्याला घराबाहेर काढणार नाही, कोणाचा बाप आला तरी.”

त्यानं मान वर केली. “अक्का, ते शेवटचं आमच्या फ्रेंचमध्ये कसं लिहू?”

“कसंही लिही,” मी म्हणाले. “गाठोडं उचलून निघालेल्या बाईला कळेल ते.”