टिकल्यांचा नकाशा

आमच्या मालकांचं पहिलं लगीन समुद्राशी झालं, माझ्याशी मागनं. उमेदीची सगळी वर्सं नेव्हीत काढली. काम जहाजावरच्या हवामानाचं. रिटायर होऊन गावाकडं, कुंडलला आले, द्राक्षबाग लावली, पर डोस्क्यातला समुद्र काय आटला न्हाई. समुद्र ऱ्हायला घाटाच्या पलीकडं, आणि हे रोज सांजच्याला रेडिओला कान लावून बसणार. लक्षद्वीपला कमी दाबाचा पट्टा म्हणं, केरळच्या किनाऱ्याला वारं म्हणं. भिंतीला शाळेतला जुना नकाशा टांगलेला. त्यावर वादळ जितं असंल तितं खूण करायची, आणि ती कशानं? तर माझ्या टिकल्यांनी! मी कपाळाला लावाय जावं तर पाकीट रिकामं. माझी जाऊ राहीबाई चिडवायची, की बाई, तुझी सवत अरबी समुद्रात ऱ्हाती.

मी बी चिडायची, पर आतनं कौतुक हुतं. खोटं कशाला बोलू?

ते कौतुक गेल्या साली पार उतरलं. आमी द्राक्षांचा बेदाणा करतो. शेडात जाळ्यांवर द्राक्षं पसरायची, वाऱ्यावर सुकवायची. पाणी लागलं तर माल काळा पडतो, आणि वारं कोंडलं तरी काळाच पडतो. म्हणून शेड चारी अंगांनी मोकळं. निस्ता उगवतीला प्लास्टिकच्या कागदाचा पडदा, कारण आमच्याकडं वळीव कवा बी उगवतीकडनंच येतो. शेड आमचं आणि भाऊसोचं, म्हंजे ह्यांच्या चुलतभावाचं, निम्मंनिम्मं. राहीबाई त्याचीच बायको. गेल्या साली ह्यांनी सांगितलं, समुद्रात वादळ उठलंय, चारी बाजू बंद करा. केल्या. वादळ वळलं आणि गेलं अरबस्तानाकडं. हितं पाण्याचा थेंब न्हाई, आणि कागदाच्या आत माल घामेजून कोळशावानी झाला.

मग काय, गावाला हसाय निमित्तच घावलं! पोरंसोरं बी ह्यांना इचारायला लागली, तात्या, वादळ कुटवर आलं? भाऊसोनं तर ठणकावून सांगितलं, पुढल्या साली माल गेला तर बाग तोडायची आणि ऊस लावायचा. मी बी ह्यांना नको नको ते बोलले. ह्या बागेच्या येलांना पयल्या उन्हाळ्यात मी डोक्यावरनं पाणी घातलंय. आणि आता ती तोडायची! ह्यांनी नकाशा काढून ठेवला आणि वादळाचं नाव तोंडातनं काढलं न्हाई.

ह्या साली आमची बाग मागास, छाटणीच उशिरा झालेली. यात्रा आली तरी माल जाळ्यावरच, अर्धामुर्धा सुकलेला. यात्रेच्या आदल्या दिवशी सांजच्याला पुरणाला डाळ काढाय गेले आणि कणगीचं झाकण उचललं, तर झाकणाच्या आतल्या अंगाला नकाशा! चिकटवलेला. त्यावर माझ्या लाल टिकल्या, लक्षद्वीपापासनं वर वर, किनाऱ्याला धरून, शेवटची गोव्याच्या जवळ. चोरून समुद्र बघत हुता माणूस, सवतीला भेटायला जावं तसा.

झाकण घेऊन मी तशीच बाहेर सोप्यात गेले. ह्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. ह्या खेपेला बी वादळ वळंल का, म्हणाले, काय सांगता येत न्हाई, वळीव न्हवं ते. आलं तर उगवतीकडनं येणार न्हाई, दक्षिणेकडनं येणार, आडवं. वळलं तर पुन्हा तेच हसू.

नेव्हीतला माणूस, आणि गावाच्या हसण्याला भ्यालेला! माझा संताप संताप झाला.

"आवं, जहाजावर असता तर काय केलं असतं?" मी इचारलं.

"दोर आवळले असते. आलं न्हाई तर सोडायचे."

"मग आवळा."

गेल्या सालची चूक त्यांनी कवाच शोधून ठेवली हुती. चारी बाजू बंद करायच्या न्हाईत. दक्षिण आणि मावळत तेवढी बंद, उत्तर मोकळी, म्हंजे वारं खेळतं ऱ्हातं. पर दुसऱ्या दिवशी यात्रा, आणि यात्रेदिवशी आमच्यात शेताला हात लावत न्हाईत. लावला तर देवी कोपती. सकाळी भाऊसो पागोटं बांधून पालखीला निघालेला. त्याला सांगितलं तर तो तापला. माझ्या निम्म्या शेडाला कुणी हात लावायचा न्हाई, म्हणाला. निम्म्या शेडाला पडदा बांधून काय उपेग? वारं एका बाजूनं शिरलं की सगळं उडवतं.

मी त्याच्या वाटंत उभी ऱ्हायले.

"भाऊजी, तुमचा माल काळा पडला तर आमचा निम्मा तुमचा. आणि वर बाग तोडायला पयली कुऱ्हाड मी घालीन."

 देवीचं काय, म्हणाला. मी म्हटलं, देवीला मी बघून घेते. बाईमाणूस हाय ती, लेकरांचा माल भिजताना बघत बसायची न्हाई.  तो पालखीला गेला, पर नको बी म्हणाला न्हाई.

यात्रेचं नवं लुगडं नेसून मी शेडावर चढले. ह्यांनी दोराला जहाजावरच्या गाठी मारल्या, मी कागद ताणून धरला. वरनं ऊन असं की डोळं उघडंनात. रस्त्यानं यात्रेला जाणारी माणसं थांबून बघायची, हसायची. कुणी वरडलं, तात्या, आता वैनीला बी लागलं का खूळ? ह्यांचा हात थांबला. मी म्हटलं, गाठ मारा, त्यांचं त्वांड आपण न्हाई बांधू शकत. मागं बघते तर राहीबाई निवदाचं ताट बांधावर ठेवून, पदर खोचून, दुसरा दोर वढाय लागलेली.  

दीस कलला तरी आभाळ सोच्छ.  मनात म्हटलं, शाले, कुऱ्हाडीचं बोलून बसलीस. तेवढ्यात ह्यांनी माती उचलून सोडली. ती उत्तरेला गेली. पुन्हा सोडली, पुन्हा उत्तरेला. दक्षिणेचं वारं सुटलं हुतं. मग आभाळ आलं, तिकडनंच. पालखी देवळात पोचायच्या आत पावसानं गाव गाठलं, आणि आडवा असा मारला की पडदा ढोलावानी वाजायला लागला. रातभर वाजत हुता. आमी दोघं उत्तरेच्या मोकळ्या अंगाला बसून ऱ्हायलो. एक गाठ सुटली न्हाई.

सकाळी पाऊस थांबल्यावर भाऊसो आला. अंगावर यात्रेचीच भिजलेली कापडं. जाळ्यांमधनं हिंडला, आपल्या निम्म्यातनं आणि आमच्या बी. मूठभर बेदाणा उचलून बघितला. पिवळा आणि कोरडा. एक दाणा तोंडात टाकला. मग खिशातनं कागदात गुंडाळलेलं कायतरी काढलं आणि ह्यांच्या हातात दिलं. यात्रेतनं घेतलेलं, लाल टिकल्यांचं पाकीट.

"वैनीच्या घेत जाऊ नगा आता," एवढंच म्हणाला.

ह्यांनी पाकीट उघडलं न्हाई. दोन्ही हातांत धरून खाली बसले आणि रडले. नेव्हीत असं रडत असतील का, मला ठावं न्हाई. मी घरला गेले, कणगीच्या झाकणावरनं नकाशा सोडवला आणि सोप्यात, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसंल असा, भिंतीला ठोकला.