पाद्री कुठे झोपला होता

मिझुरीच्या आमच्या डोंगरात थापा मारणारे पुष्कळ आहेत. पण डार्लाच्या खानावळीत सकाळी सहाला माझी खुर्ची राखून ठेवतात, ती उगाच नाही. वाऱ्याच्या रात्री पाच टर्की पक्षी झोपेतच फांदीसकट शेजारच्या जिल्ह्यात जाऊन पोचले, ही गोष्ट माझी. एक नर इतका माजला होता की संध्याकाळी तो बसला की फांदी वाकून जमिनीला टेकायची आणि सकाळी तो ओटा उतरल्यासारखा चालत निघून जायचा, ती पण माझीच. लोक हसतात, कॉफी मागवतात. विश्वास कोणी ठेवत नाही आणि माझाही तसा आग्रह नसतो.

ही मात्र मी तिथे कधी सांगितली नाही.

हॉयट आणि मी मिळून पन्नास वर्षं रानटर्की मारले. हा पक्षी दिवसभर जमिनीवर चरतो, पण झोपायला झाड लागतं. सूर्य बुडाला की वर जातो. अंग जड, त्यामुळे घर बदलणाऱ्यांनी कपाट जिन्यावरून चढवावं तसा धडधडाट होतो, फांद्या मोडतात, मग सगळं चिडीचूप. अशा वेळी डोंगराच्या धारेवर उभं राहून आपण घुबडासारखं घुमायचं. पेंगुळलेल्या नराला राहवत नाही. झोपलेल्या नवऱ्याला बायकोनं हटकलं की तो "जागाच आहे मी" म्हणतो ना, तसा तो फांदीवरून गळ्ळगळ्ळगळ्ळ करून ओरडतो. झाड कळलं. मग पहाटे अंधारात येऊन जवळपास बसायचं आणि तो खाली उतरला की मादीचा आवाज काढून त्याला बोलवायचं. फांदीवर झोपलेल्याला गोळी घालायची नाही. तसं करणाऱ्याला आमच्याकडे कोणी जेवायला बोलवत नाही.

हॉयटचा आणि माझा आणखी एक नियम होता. संध्याकाळी ज्यानं पक्षी ऐकला, त्यानं सकाळी बंदूक न्यायची नाही. पक्षी दुसऱ्याचा. ऐकणाऱ्यानं फक्त मागे बसून मादी व्हायचं. पंचविशीत हा नियम केला, कारण तेव्हा दोघांत मिळून बंदूकच एक होती. पुढे दोन झाल्या, नियम राहिला.

मग हॉयटचे कान गेले. तीस वर्षं लाकडाच्या गिरणीत करवतीशेजारी उभा होता तो. मुलीनं कानात घालायचं यंत्र आणून दिलं, ते ओलेटाच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, बटणांच्या डब्यात पडलेलं असतं. "त्यातून दोनच गोष्टी ऐकू येतात," तो म्हणायचा, "वारा आणि ओलेटा. दोन्हींचं मला काय करायचंय?" समोरच्याचे ओठ बघून तो काम भागवायचा.

आता बघा. ज्याला ऐकू येतं त्यानं मारायचं नाही. दोघांत ऐकू येणारा मी एकटा. चार वसंत मी पक्षी झोपवले, म्हणजे त्यांची झाडं ऐकून ठेवली, आणि चार वसंत हॉयटनं मारले. खानावळीत विचारलं तर म्हणायचा, "एल्डननं झोपवला, मी मारला." संपली गोष्ट! एवढा मोठा पक्षी आणि त्यावर एवढंच! माझा जीव तुटायचा. माझ्या हाती तो पक्षी असता तर मी त्याची गोष्ट पानगळीपर्यंत पुरवली असती.

पाचव्या वसंतात पाद्री आला. नाव हॉयटनंच ठेवलं. काळाभोर, छातीवर राठ केसांची, जमिनीला लोळेल अशी दाढी, आणि चालताना मान अशी पुढे-मागे की वाटावं, रविवारी कोण कोण आलं नाही ते मोजतोय. असा पक्षी मी आयुष्यात एकदाच पाहिला. मला बहात्तरावं लागलं होतं. तो मला हवा होता.

पहिल्या संध्याकाळी मी धारेवर जाऊन घुमलो. तो पलीकडच्या पाइनच्या घळीतून ओरडला. उतरताना मी हॉयटच्या घरी थांबलो. घेवडा आणि मक्याचा पाव पुढे आला.

"बोलला का रे?" हॉयटनं विचारलं. त्याची नजर माझ्या ओठांवर.

"बोलला."

"कुठे?"

ओठ वाचणाऱ्याशी खोटं बोलण्यात एक सोय असते. आवाज कापला तरी चालतो.

"ओढ्यावरच्या सिकमोरवर. पाण्यावर झुकलेली फांदी आहे ना, तिथे."

"मग येतोस ना पहाटे मागे बसायला?"

"नाही रे. गुडघा धरलाय. तू जा एकटा."

"बरं," तो म्हणाला, आणि माझ्या ताटात पावाचा आणखी एक तुकडा ठेवला.

पहाटे तो सिकमोरखाली बसला आणि मी अर्धा मैल दूर, मधे डोंगर ठेवून, पाइनखाली. पाद्री उतरला तो उलट्या बाजूनं. दुपारी हॉयट भेटला.

"आला नाही," तो म्हणाला.

"पलीकडे उतरला असेल."

"असेल."

दुसऱ्या संध्याकाळी मी पुन्हा सिकमोर सांगितलं. तिसऱ्यालाही. तो दर वेळी मान हलवायचा. चौथ्या संध्याकाळी तर म्हणाला, "एल्डन, आज नाही गेलास ऐकायला तरी चालेल. तो आपला तिथंच झोपतोय." त्याला कळलं की काय, म्हणून मी निरखून बघितलं. पण त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. उलट जास्तच मायेनं बोलत होता. ओलेटासुद्धा माझ्याशी सावकाश, तोंड मोठं करून बोलायला लागली होती. मला वाटलं, हॉयटशी बोलून बोलून सवय लागली असेल बाईला.

चौथ्या पहाटे भुरभुर पाऊस लागला. पावसात हे पक्षी उशिरापर्यंत फांदीवर बसून राहतात. मी थिजून बसलो. चांगलं उजाडल्यावर पाद्री उतरला तो माझ्यासमोर, पन्नास पावलांवर. पाटीवर काडी घासली की मादीचा आवाज निघतो, तसा मी एकदाच मादी झालो. तो आला. मी मारला. डोंगरापलीकडे हॉयटला बार ऐकू जायचा प्रश्नच नव्हता.

दहा किलोंच्या वर भरला. पायामागचे काटे माझ्या करंगळीएवढे. ही थाप नाही.

नऊच्या सुमाराला शेडमध्ये बसून मी पिसं काढत होतो. दारात सावली पडली. हॉयट. हाडापर्यंत भिजलेला, ओठ निळे. हातात छोटी बाटली.

"ओलेटानं तेल दिलंय तुझ्या गु—"

पुढचं तो बोललाच नाही. टोपलीभर काळी पिसं, माझ्या मांडीवर पाद्री. हॉयट वाकला, त्यानं दाढी बोटांमधून ओढून बघितली.

"कुठे झोपला होता?"

"पाइनच्या घळीत."

"पहिल्या दिवसापासून?"

मी मान डोलावली.

बादली उपडी करून तो तिच्यावर बसला. "सिकमोरखाली शीट नव्हती," तो म्हणाला. "पहिल्याच सकाळी उजाडल्यावर बघितलं. नराची कशी छत्रीच्या मुठीसारखी वाकडी असते, तसली एक नाही. पीस नाही. महिनाभर तिथे काही झोपलेलं नव्हतं."

"मग चार दिवस तिथे काय करत होतास, गाढवा?"

"मला वाटलं, तुझेही कान गेले."

मी पिसं काढायचा थांबलो.

"ओलेटाला म्हटलं, एल्डनला ऐकू येईनासं झालंय आणि सांगायची लाज वाटतेय. अंदाजानं झाड सांगतो. सोबत येत नाही, गुडघ्याचं निमित्त करतो. त्याला कळू द्यायचं नाही. माझं ठीक आहे, मी गप्प बसायला शिकलो. त्याला नाही जमायचं." त्यानं टोपी काढून पाणी झटकलं. "तू सांगितलेल्या झाडाखाली मी बसलो नसतो, तर तुला कळलं असतं ना. म्हणून बसलो."

बाहेर पन्हळीतून पाणी पडत होतं.

"म्हणजे येतं तुला ऐकू," तो म्हणाला.

"येतं."

"सगळं?"

"सगळं."

"बरं झालं." तो उठला. हातातली बाटली त्यानं बघितली. "मग हेही लागणार नाही," म्हणाला आणि तेल परत खिशात घालून निघून गेला. गेला तो चांगला ताठ चालत. लंगडायला पाहिजे होतं ते मी.

पाद्री मी एकट्यानं खाल्ला. पाच दिवस पुरला. चिवट होता. खानावळीत म्हणालो, यंदा आपल्याला काही मिळालं नाही. त्यावर मात्र सगळ्यांनी ताबडतोब विश्वास ठेवला. कोपऱ्यातल्या टेबलावर हॉयट कॉफी ढवळत होता. त्यानं कोणाला काही सांगितलं नाही, आजतागायत. सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

पुढच्या वसंतात मी सवयीनं धारेवर गेलो आणि घुमलो. आणि सिकमोरवरून उत्तर आलं. खरोखरच्या सिकमोरवरून, पाण्यावर झुकलेल्या त्याच फांदीवरून. मी अंधारात धडपडत हॉयटच्या घरी गेलो. ओलेटानं दार उघडलं, पण बस म्हणाली नाही. हॉयट चुलीपाशी खुर्चीत होता.

"सिकमोरवर झोपलाय," मी म्हणालो. "आत्ता ऐकला. देवाशपथ, हॉयट. उद्या तुझा."

त्यानं माझे ओठ शेवटपर्यंत वाचले, एकही शब्द न सोडता. मग हसला. खानावळीतले हसतात ना, अगदी तसा.

"आणि फांदी जमिनीला टेकली का?" त्यानं विचारलं, आणि ओलेटाकडे वळून कॉफी मागितली. एक कप.

पहाटे मीच गेलो. हॉयट जिथे चार सकाळी बसला होता, तिथे त्याच खोडाला टेकून बसलो. उजाडलं तेव्हा बुंध्याशी छत्रीच्या वाकड्या मुठींचा नुसता सडा दिसला. नर उतरला तो माझ्यापासून वीस पावलांवर. पाद्रीएवढा नाही, पण चांगला होता. त्यानं पिसारा फुलवला, इकडून तिकडे दोन फेऱ्या मारल्या आणि सावकाश शेताकडे निघून गेला.

मी बंदूक नेली नव्हती. ऐकला मी होता.