छापायचे राहून गेलेले प्यादे

मित्रांनो, मी एक जुने पुस्तक आहे, पण माझी गोष्ट मी जन्मापासून सांगणार नाही. माझ्या पोटात बुद्धिबळाची तीनशे बारा कोडी आहेत आणि त्यांतले एकही पहिल्या खेळीपासून सुरू होत नाही. डाव अर्धा होऊन गेलेला असतो, दोन्हीकडची प्यादी मारली गेलेली असतात, आणि चौकोनाखाली एक ओळ असते : पांढऱ्याने खेळायचे आहे, पांढरा जिंकतो. कसा, ते तुम्ही शोधायचे. मीही तसाच मधून सुरू होतो.

रविवार, सकाळचे दहा

शिंपीकाकांनी मला शिलाईच्या मशीनवर पालथे घातले आणि खिशातून छोटी कात्री काढली. माझी शेवटची चाळीस पाने, म्हणजे उत्तरांची पाने, काळ्या दोऱ्याने शिवून बंद केलेली होती. ती उसवायची होती. कापण्याआधी काकांनी शिवणीवरून अंगठा फिरवला. तिसऱ्या टाक्यावर अंगठा थांबला.

आता त्यांना कळले, मी मनात म्हटले. आता ते बोलतील.

अंगठा पुन्हा पहिल्या टाक्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत गेला. मग काकांनी कात्री चालवली आणि कापलेला दोरा चुरगाळून खिशात टाकला. खाली केराची टोपली होती. त्यांनी तो खिशात टाकला.

पडद्याच्या मागे पाच मुले आपापले कागद देऊन निकालाची वाट पाहत बसली होती.

त्याच्या बऱ्याच आधी

मी छापखान्यात जन्मलो. त्या काळी शिशाचे खिळे, म्हणजे अक्षरांचे आणि चित्रांचे ठसे, एकेक करून जुळवत. जुळवणाऱ्याला बुद्धिबळ येत नव्हते, पण त्याचा हात स्वच्छ होता. पटाची एकेक आकृती तो घराघराने बसवायचा. दोनशे अकरावे कोडे असलेल्या पानावर चार आकृत्या होत्या आणि खोक्यातली काळी प्यादी एकाने कमी पडली. त्याने तेवढे घर मोकळे सोडले. दुसऱ्या पानावरून एक सुटले की बसवू, असे तो शेजाऱ्याला म्हणाला. मग जेवणाची सुट्टी झाली.

एवढेच. एक प्यादे. मी ते पोटात घेऊनच, म्हणजे न घेताच, दुकानात गेलो.

शिंपीकाकांनी मला विकत घेतले तेव्हा त्यांच्या दुकानामागच्या खोलीत चार पट होते आणि कापडाच्या गठ्ठ्यांवर बसणारी मुले होती. त्यांचे नियम थोडे होते. कोडे सोडवताना दोन्ही हात मांडीखाली ठेवायचे. सोंगट्यांना हात न लावता डोक्यात खेळायचे. उत्तर आधी कागदावर लिहायचे आणि मगच तोंड उघडायचे. माझी उत्तरे त्यांनी पहिल्याच दिवशी शिवून टाकली. मुले वाईट नसतात, पण डोळा घसरतो, असे ते म्हणत. महिन्यातून एकदा ते शिवण उसवत, उत्तरे तपासत आणि पुन्हा शिवत. शिवण नेहमी उलट टिपेची, एक टाका मागे आणि एक पुढे. ओढली तरी हलत नसे. मला त्या शिवणीचा अभिमान होता. शाळेतल्या पुस्तकांची उत्तरे उघड्यावर पडलेली असतात, माझी नव्हती.

मुलांना मला आळीपाळीने दोन दोन दिवस घरी न्यायची परवानगी होती. सगळ्यांत जास्त मला दोन बहिणींनी नेले. धाकटी बारा वर्षांची आणि तिची ताई पंधराची. (तिचे नाव मला ठाऊक आहे, पण धाकटी तिला जशी हाक मारायची तशीच मी मारणार.) त्यांच्या घरी जेवणाचे टेबल भिंतीला लावलेले असे आणि मला पाण्याच्या तांब्याला टेकवून उभे करत. ताईनेच धाकटीला शिकवले. आधी समोरच्याचे उंट शोध, ती सांगायची. ते लांब कोपऱ्यात गप्प बसलेले असतात आणि तिथूनच घात करतात. धाकटी प्रत्येक आकृतीवर आधी उंटांवर बोट ठेवायची. सुटले की दोघी एकमेकींच्या डोक्यावर टपली मारायच्या. आई स्वयंपाकघरातून म्हणायची की या पोरींना मार खाऊन आनंद होतो.

ते माझे चांगले दिवस होते. माझ्या कडा मऊ झाल्या, पान नव्वदवर आमटीचा डाग पडला, आणि मी कुणाच्या तरी कामाचा आहे हे मला रोज कळत होते.

मग

सोळा वर्षांखालच्या संघात आमच्या खोलीतून एकच जागा मिळाली. काकांनी ठरवले की परीक्षा घ्यायची. माझ्या दोनशेच्या पुढच्या कोड्यांतून, जिथवर अजून कुणी पोचले नव्हते, बारा कोडी. उत्तर पुस्तकाशी जुळले तर एक गुण. ताईचे पुढच्या वर्षी वय उलटणार होते.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मी त्यांच्या घरी होतो. धाकटी आईबरोबर दवाखान्यात गेली होती. ताईने मला मांडीवर घेतले. तिने नखाने दोरा वर उचलला आणि मला वाटले, धूळ झटकते आहे. मग तिने कात्री आणली.

दोनशेच्या पुढची सगळी उत्तरे तिने भूगोलाच्या वहीच्या मागे उतरवली आणि चार दिवस घोकली. मित्रांनो, तेवढ्या मेहनतीत तिला ती सोडवता आली असती. ती हुशार होती. पण तिला भीती वाटली होती, आणि घाबरलेला माणूस पटाकडे बघत नाही, फक्त उत्तराकडे बघतो.

तिने मला पुन्हा शिवले. दोरा तसाच काळा होता. पण तिला साधा, विरळ टाक्यांचा धावदोराच येत होता, आणि नव्या सुईने नवी भोके पडली. मला गप्प राहण्यावाचून काय येते? तरी मी धीर धरला, कारण मला पुन्हा काकांच्याच हातात जायचे होते. ज्याने आयुष्यभर टाके घातले, त्याला स्वतःचा टाका कळणार नाही का?

त्यांना तो कळला. ते तुम्हाला मी आधीच सांगितले आहे.

रविवार, साडेदहा

ताईला बारा गुण मिळाले, धाकटीला अकरा. बाकीच्यांपैकी कुणाचे आठाच्या वर गेले नाहीत. धाकटीने आपले चुकलेले कोडे पाहायला मागितले. ते दोनशे अकरावे होते. काकांनी माझे उत्तर वाचून दाखवले. पांढऱ्याने वजिराचा बळी द्यायचा, काळा राजा तो घेत बाहेर येतो, मग हत्तीने मात.

धाकटीने पट जवळ ओढला आणि माझ्या आकृतीवरून एकेक सोंगटी मांडली. तिने वजीर दिला. राजाने तो घेतला. तिने हत्ती सरकवून शह दिला. मग पार दुसऱ्या टोकाचा काळा उंट उचलला आणि त्याने तो हत्ती मारला. त्याच्या वाटेवर जिथे एक काळे प्यादे असायला हवे होते, तिथे काही नव्हते.

चष्मेवाला मुलगा पुढे वाकला. "वजीर गेला, हत्ती गेला," तो म्हणाला, "आता पांढऱ्याने दप्तर भरायला हरकत नाही." सगळे हसले.

धाकटी हसली नाही. तिने काकांपुढचा आपला कागद दाखवला. तिने आधी स्वतःचे प्यादे एक घर पुढे ढकलले होते, उंटाची वाट बंद करणारे, आणि पुढच्या खेळ्या सहा ओळींत लिहिल्या होत्या. काकांनी त्या वाचल्या. त्यांचे ओठ हलत होते. त्या बरोबर होत्या. माझ्या आकृतीपुरते तेच एक उत्तर होते, आणि मी चूक होतो.

"ताई, तू पुस्तकातलंच लिहिलंस?" धाकटीने विचारले.

"हो."

"तुला उंट दिसला नाही?"

घाईत राहिला असेल, असे ताई म्हणाली, आणि ती भिंतीवर टांगलेल्या मापाच्या टेपकडे बघत होती.

तेव्हा धाकटीने मला उचलले. उत्तरांच्या पानांची कड तिने खिडकीकडे धरली. भोकांच्या दोन रांगांतून उजेड येत होता, एक दाट आणि एक विरळ. तिने बराच वेळ पाहिले. मग ती काकांच्या जवळ गेली आणि अगदी हळू बोलली.

"काका, तुम्ही आज उसवलेत ते टाके तुमचे होते का?"

काकांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून शर्टाला पुसला.

"तुला अजून तीन वर्षं आहेत गं," ते म्हणाले. "तिचं हे शेवटचं आहे."

मित्रांनो, तिने टाक्यांबद्दल विचारले होते.

धाकटीने मला जागेवर ठेवले, पट आवरला, सोंगट्या डब्यात मोजून भरल्या आणि ती एकटी घरी गेली. संघातली जागा ताईला मिळाली, आणि त्यानंतर धाकटी त्या खोलीत आली नाही.

आता

त्या दिवशी तिला तिघांनी फसवले. ताईला भीती होती आणि काकांना दया. माझ्याजवळ तेवढेही कारण नव्हते. तिने माझ्यावर विश्वास ठेवून माझी आकृती जशी छापली आहे तशी पाहिली, हीच तिची चूक ठरली. आणि मी ज्या अंगठ्यावर विसंबलो होतो, तो थांबला आणि पुढे गेला. माझी उत्तरे पुन्हा कुणी शिवली नाहीत. कापायच्या मेजाचा एक पाय आखूड आहे, त्याखाली मी असतो. दर वेळी कात्री चालली की मला ठोका बसतो.

मागच्या महिन्यात आई धाकटीला घेऊन आली. ताईचा कोट धाकटीसाठी लहान करायचा होता. धाकटी हात पसरून उभी राहिली. काकांनी खांद्याचे माप घेतले, मग तेच पुन्हा घेतले. शेवटी त्यांनी विचारले की कोडी सोडवतेस का अजून.

"सोडवते. दुसरं पुस्तक आणलंय."

"घेऊन ये," काका म्हणाले. "उत्तरं शिवून देतो."

"नको. उत्तरांची पानं मी आल्या दिवशीच फाडलीत."

काकांनी टेप गुंडाळली. घरी कुणाबरोबर खेळतेस, असे त्यांनी विचारले. ती म्हणाली, कुणाबरोबर नाही, दोन्ही बाजू मीच खेळते. आई म्हणाली की दोघी बहिणी आता एकमेकींशी फारशा बोलत नाहीत, या वयात असतेच. काका मान खाली घालून माप लिहीत राहिले.

माझ्या जातीची पुस्तके शेवटी सांगतात की आम्हाला जपा, कव्हर घाला, पाने दुमडू नका. मी तसे म्हणणार नाही. पाने खुशाल दुमडा. माझ्यावर संशय घ्या. माझे उत्तर पटावर मांडून बघा आणि जमले नाही तर मला खोडा, शाईने खोडा. पण एखादी मुलगी जर सोंगट्या मांडून तुम्हाला दाखवत असेल की पुस्तक चुकले आहे, आणि ते पुस्तक कुणीतरी आधीच उघडले होते हे तुमच्या बोटांना तिच्याही आधी कळलेले असेल, तर कृपा करून तिला तिचे वय सांगू नका. तिने विचारले असेल त्याचेच उत्तर द्या.